तुझं फंक्शन मी बदललं, इरफान

इरफान,

तुला माती द्यायला मी नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं ते मध्येमध्ये येणार नाही. तिरुपूरहून निघणारी गाडी संध्याकाळची होती आणि तुमच्यात कोणासाठी थांबत नाहीत. मी स्टेशनावर तिकिटाच्या रांगेत होतो तेव्हा तुमच्या दुकानातल्या सुनंदाताईचा फोन आला. "गजूभाऊ, झालं. आता घाई करू नका." घाई करू नका! रांगेतून बाहेर येऊन बाकावर बसलो. चहावाल्यानं तमिळमध्ये काहीतरी विचारलं, मी नुसती मान हलवली, तर त्यानं इडल्या आणून ठेवल्या. तू असतास तर पहिलं हेच विचारलं असतंस, "अबे, मंग खाल्ल्या का नाई?" खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या. आणि खोलीवर परत आलो.

तुला काय झालं होतं ते मला चार जणांनी चार प्रकारे सांगितलं. कोणी म्हणे ताप डोक्यात गेला, कोणी म्हणे अकोल्याला न्यायला उशीर झाला. मी ऐकून घेतलं. त्यानं मला काही फरक पडत नाही. मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपलं भांडण अर्धवट आहे आणि तू निघून गेलास. माझ्यासारख्या नववीत शाळा सोडलेल्या माणसाला जन्मात एकच भांडण बरोबरीनं करता आलं, तेही तू पुरं होऊ दिलं नाहीस.

आज हे लिहायला बसलो कारण मास्टरचा फोन आला होता. तुझे अब्बा, पण मी त्यांना मास्टरच म्हणणार, माझे पहिले मालक ते. शिरपूरच्या त्यांच्या दुकानात मी काज-बटन करायला लागलो तेव्हा तू वाशिमला कॉलेजात जायचास. सुट्टीच्या दिवशी तुझा तो जुना लॅपटॉप कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवून बसायचास आणि मी काज करता करता वाकून पाहायचो. एक दिवस तू म्हणालास, "पाहून काय होते? हात लाव." मी म्हणालो, मोडलं तर? "मोडलं तं मोडलं. माहा हाय, तुया बापाचा थोडीच हाय?" तिथून सुरू झालं. आज मी इथं गारमेंटच्या कारखान्यात मापाचं सॉफ्टवेअर सांभाळतो, गळ्यात ओळखपत्र घालून फिरतो, ते त्या वाक्यामुळं. मला कोणी सर्टिफिकेट मागितलं की आजही मी आधी गळ्यातलं ओळखपत्र चाचपतो. मागच्या महिन्यात साहेबानं नुसतं "जरा ये" म्हटलं तर मी जिना उतरता उतरता घरी परत जायच्या गाड्या आठवत होतो. अशा वेळी तुला फोन लावायचो. तू म्हणायचास, "काय इचारन तो? जे इचारन ते मले पाठव." आता काय करू, सांग.

भांडण कशावरून सुरू झालं ते तुला आठवत असेल. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत रेंज नावाचं एक फंक्शन आहे, आकड्यांची ओळ काढून देणारं. त्याला सांगावं लागतं कुठून सुरू, कुठं थांबायचं, कितीच्या उडीनं. माझी पंचाईत अशी की मला क्रम लक्षात राहत नाही. आधी काय, मग काय, यात मी लहानपणापासून घाबरतो. म्हणून तूच शिकवलं होतंस की फंक्शनला काही देताना नाव लावून दिलं तरी चालतं. सुरुवात बरोबर एक, शेवट बरोबर दहा. नाव लावलं की क्रम उलटा झाला तरी बिघडत नाही. मला ते इतकं आवडलं! मी सगळीकडं नावं लावत सुटलो. आणि रेंजला नावं लावली तर ते लाल अक्षरात ओरडलं की मी नावानं दिलेलं काही घेत नाही.

"हे काहून घेत नाई बे?"

"ते घरचं हाय," तू म्हणालास. "भाषेसोबतच येते. त्यायच्यातले लय जण नाव घेत नाईत. लांबी मोजनारं लेन पण घेत नाई."

"पन काहून?"

तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. तुला कोणी 'काहून' विचारलं की तुझा चेहरा उजळायचा, मास्टरनं लग्नाची शेरवानी कापायला घेतल्यासारखा. "हे पाय, हे रेंज अन लेन पायथनमधी लिहेल नाई. खाली सी भाषेत लिहेल हाय. त्याच्या दारात माल एकामागं एक येते अन तो एकामागं एक उचलते. पहिला हा, दुसरा हा. नाव पाहाची त्याले सवयच लावली नाई."

"मंग मदतीच्या पानावर सुरुवात, शेवट असं लिहेल काहून हाय?"

"ते तुले वाचाले. त्याले नाई."

"हे तं बेइमानी झाली."

"बेइमानी कायची? नाव जुळवाले येळ लागते. हे फंक्शन लोकं दिवसातून लाखो खेपा वापरते. दर खेपेस त्यानं नावं वाचत बसाचं का? अन दुसरं आयक. नाव उघडं केलं का ते वचन झालं. उद्या त्यायले वाटलं का हे नाव चुकलं, दुसरं पायजे होतं, तं बदलता येत नाई. जगभर ज्यानं ज्यानं ते नाव लिहेल हाय त्याचा प्रोग्राम मोडते. नाव दिलंच नाई तं आतमधी काहीही म्हना, बाहेर कोनाले त्रास नाई."

मास्टर मशीनवरून न पाहताच म्हणाले, "चाय ठंडी हो रही है, दोघायची."

मला पटलं नव्हतं. मी म्हणालो, मग क्रम लावून देणारं सॉर्टेड नाव कसं घेतं? उलटं लावायचं असेल तर तिथं नाव घेतल्याशिवाय चालतच नाही. तू म्हणालास, तिथं घोळ होऊ शकतो म्हणून. नुसतं हो किंवा नाही लिहिलं तर वाचणाऱ्याला कळणार नाही ते कशाबद्दल आहे. मी म्हणालो, आणि रेंजमध्ये घोळ होत नाही का? माझा तर रोज होतो. तू हसलास. "तुया घोळासाठी भाषा बदलत नसते, गज्या."

हे मला लागलं होतं. तुला कळलं नसेल. कळलंही असेल.

मग तू दुकानासाठी तो प्रोग्राम लिहिलास. गिऱ्हाइकाची मापं टाकली की कटिंगचे आकडे काढून देणारा, कुठं किती सोडायचं, कळी किती, घेर किती. किती सुंदर लिहिला होतास. मी इथं मोठमोठी सॉफ्टवेअर पाहतो, पण ते फंक्शन वाचताना मला मास्टरचा हात दिसतो कापडावरून जाताना. आणि त्याच्या तोंडाशीच तू ती तिरपी रेघ मारून ठेवलीस. पायथनमध्ये कंसात ती रेघ मारली की तिच्या अलीकडच्या गोष्टींना कोणी नाव लावून देऊ शकत नाही. फक्त क्रमानं. रेंजसारखं.

का, तर मास्टर माप सांगतात तसं. मास्टरच्या तोंडात सकाळपासून खर्रा. गिऱ्हाईक समोर उभं, टेप फिरतोय, आणि तोंड न उघडता नुसते आकडे बाहेर पडतात. एकोणतीस. साडेसतरा. साडेतेवीस. बेचाळीस. कशाचं ते सांगत नाहीत. सांगायचं म्हणजे थुंकायला बाहेर जावं लागेल. लिहिणाऱ्याला क्रम पाठ पाहिजे. लांबी, तीरा म्हणजे खांदा, बाही, छाती, सीट, कंबर, गळा. तुला तो क्रम आईच्या दुधासोबत मिळाला. मी मात्र पहिले कित्येक महिने प्रत्येक आकड्याला मनातल्या मनात नाव लावत उभा राहायचो, आणि एक चुकला की पुढचे सगळे चुकायचे. मास्टर ओरडायचे नाहीत. नुसते परत पहिल्यापासून सांगायचे. ते ओरडण्यापेक्षा वाईट.

मी तुला तेव्हाच म्हटलं होतं. रेघ काढून टाक. ज्याला क्रमानं द्यायचं तो क्रमानं देईल, ज्याला नाव लावायचं तो नाव लावेल. दोन्ही चालेल.

"अन नाव कोनाचं टाकू?" तू विचारलंस. "अब्बा तीरा म्हनते. तू तिकडं जाऊन शोल्डर म्हनशीन. अकोल्याचा कारागीर खांदा म्हनते. एक नाव टाकलं का बाकीचे चूक झाले. अब्बा त्यायच्याच दुकानात चूक होईन. क्रमाले कोनाचं नाव लागत नाई."

"पन क्रम तं तुया अब्बाचाच हाय."

"मंग? दुकान कोनाचं हाय?"

 यावरचं उत्तर सुचलं तोवर मी तिरुपूरला आलो होतो, आणि सुचलेलं फोनवर सांगायचं म्हणजे तू मध्येच दुसरा विषय काढायचास.

मग ते शाळेच्या ड्रेसचं झालं. मुलींच्या एका शाळेची कुर्त्यांची ऑर्डर. मुलींची मापं म्हणून सुनंदाताई गेली. मेडशीहून एसटीनं येऊन दुकानात फॉल-पिकोचं काम करणारी, तालुक्याला, मालेगावला, शिवणाचा क्लास केलेली, हाताला साफ. तिनं शाळेत बसून एकेकीची मापं घेतली आणि फोनवर तुला नुसते आकडे सांगत गेली, तू टाकत गेलास. तिला क्लासमध्ये शिकवलं तसं ती वरून खाली आली. छाती, कंबर, सीट. आणि मास्टरचा क्रम छाती, सीट, कंबर. त्यांच्या उस्तादानं तसा शिकवला, कारण आधी मोठं माप घ्यायचं, कापड पुरतं का ते लगेच समजतं. दोघंही बरोबर. ती तिच्या जागी, ते त्यांच्या जागी. आणि लहान पोरींच्या कंबर-सीटमध्ये फरक तो कितीसा? कोणाच्या डोळ्याला खटकला नाही. तुझ्याही नाही. तुझ्या फंक्शननं तर काय, आकडे आले, क्रमानं उचलले, कापायला दिले.

कुर्ते कमरेत ढगळ आणि बसायच्या जागी तंग. पोरी उभ्या राहू शकत होत्या, बसू शकत नव्हत्या! सुनंदाताईनं मला सांगितलं तेव्हा आधी हसली आणि मग रडली. "गजूभाऊ, प्रार्थनेले सगळ्या उभ्या होत्या तवा कसं छान दिसलं. मंग बाई म्हने खाली बसा. अन टर्र, टर्र, टर्र." शाळेच्या बाईंनी सगळे कुर्ते परत पाठवले. तू, मास्टर आणि सुनंदाताई बाजूच्या शिवणी उसवून त्यात कापडाच्या पट्ट्या जोडत बसलात. गावात मास्टरला लोक विचारायचे, "काहो मास्टर, उभ्याचा ड्रेस शिवता का बसल्याचा?" हयातभर ज्या माणसाची कटिंग पाहायला कारंज्याचे शिंपी यायचे, त्याला.

आणि मी काय केलं? मी तुला फोन करून विचारलं, आता तरी ती रेघ पुसतो का नाही.

मला यात माझी चूक वाटत नाही. आजही वाटत नाही. मी म्हणालो ते खरं होतं. नावं लावली असती तर सुनंदाताई कोणत्याही क्रमानं बोलली असती तरी कंबर कमरेतच गेली असती.  मला वाटलं आता मानशील. आणि तू म्हणालास, "तुले काय मजा येऊन राह्यली का रे?"

"मजा नाई. तुले सांगून राह्यलो."

"तू तिकडं बसून सांगतं. इथं अब्बा उसवून राह्यले. मी रेघ पुसली का त्यायले वाटन का त्यायच्या मापाच्या पद्धतीनं घोळ केला. घोळ मीनं केला. मले ताईले इचारता येत होतं का तुमी कसं सांगता. मीनं नाई इचारलं."

"मंग फंक्शननं इचाराले पायजे ना! त्याच्यासाठीच नावं असते."

"गज्या, दिवाळीले ये. समोरासमोर सांगतो तुले. फोनवर तुयी अक्कल पोचत नाई."

दिवाळीला मला सुट्टी मिळाली नाही. मिळाली असती तर मागितली असती का, तेही नक्की सांगता येत नाही, कारण इथं सुट्टी मागायला गेलो की वाटतं परत येईन तेव्हा खुर्चीवर दुसरा कोणी बसलेला असेल. त्यानंतर आपण बोललो, बऱ्याचदा बोललो. सोयाबीनवर, तुझ्या बहिणीच्या लग्नावर, माझ्या पोटदुखीवर. फंक्शनचं नाव कोणी काढलं नाही. मी वाट पाहत होतो तू काढशील म्हणून. तू काय सांगणार होतास रे समोरासमोर? एवढी कोणती गोष्ट होती जी फोनवर सांगता येत नव्हती? का काहीच नव्हतं, आणि नुसतं मला गावाकडं बोलवायचं होतं? हे आता मी कोणाला विचारू? तुला राग येईल, पण लिहितो. मला तुझ्या मरण्यापेक्षा या गोष्टीचा जास्त संताप येतो. मरतात लोक. तू म्हणणं पुरं करून मरायला पाहिजे होतंस.

तर मास्टरचा फोन. जेवणाच्या सुट्टीत आला. मी डबा घेऊन कारखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. आवाज साफ होता, म्हणजे तोंडात खर्रा नव्हता. मी डबा बाजूला ठेवला.

"गजू बेटा, जेवला?"

"जेवून राह्यलो, मास्टर."

"जेव. मंग एक काम कर. तो इरफानचा माप का प्रोग्राम हाय ना, त्याच्यात नावं टाक. सुनंदा येते आता मापाले. तिले तिच्या क्रमानं सांगू दे."

मी म्हणालो, मास्टर, दोन्ही ठेवतो. तुमच्या क्रमानंही चालेल, तिच्या नावानंही चालेल.

"दोनी नको. मंग पुन्हा कोनी कसंही टाकते. नावानंच घे म्हना त्याले. नावाशिवाय घेऊच नको म्हना."

"मंग नावं कोनती टाकू? तीरा टाकतो, बाही टाकतो, तुमचीच टाकतो."

 मागं मशीनचा आवाज येत होता. "तिची टाक. तिच्या क्लासमधली. शोल्डर, वेस्ट, काय असन ते. तिले इचार."

"पन मास्टर, इरफान म्हनत होता..."

"मले मालूम हाय तो काय म्हनत होता. माह्यासाठीच म्हनत होता." आणि मग, अगदी गिऱ्हाइकाला तारीख सांगावी तसं म्हणाले, "माह्या मागून त्याले दुकान चालवाचं होतं. त्याले कोनी काही सांगाची गरज नव्हती. मी आकडा बोललो का त्याले समजे. आता मी आकडा बोललो तं कोनाले समजन, बेटा?"

 मी त्या दुकानात इतकी वर्षं होतो. क्रम मलाही पाठ आहे. पण मी इथं आहे.

तुझी फाइल मी संध्याकाळी उघडली. कारखान्यात सगळे निघून जात होते, कोणी पंखे बंद करत होतं. तुझ्या कंसात आतली नावं तू काहीही टाकली होतीस, एकेक अक्षर नुसतं, कारण ती बाहेर कोणाला दिसणारच नव्हती. मी रेघ पुसली. कंसाच्या सुरुवातीला ताऱ्याची खूण टाकली, म्हणजे आता नाव लावल्याशिवाय ते काही घेत नाही. सुनंदाताईला फोन करून तिचे शब्द विचारले आणि तेच लिहिले. तिनं दोनदा विचारलं, "चाचाले चालन ना?" मी म्हणालो, मास्टरच म्हणाले. मग तपासायला मी मास्टरच्या क्रमानं आकडे टाकून पाहिले. नाव न लावता, जसे ते बोलायचे तसे. ते लाल अक्षरात ओरडलं. घेतलं नाही.

मी जिंकलो, इरफान. मला हेच पाहिजे होतं.

फाइल दुकानात पाठवली आणि ताईला म्हणालो, फोन चालू ठेव, पहिलं माप होईपर्यंत मी ऐकतो. एक म्हातारे गिऱ्हाईक होतं, नेहमीचं, सदऱ्यासाठी आलेलं. मास्टर म्हणाले, "तू घे माप." टेप तिच्याकडं दिला असावा. ती बोलत गेली आणि टाकत गेली. लेंथ इतकी, शोल्डर इतका, स्लीव्ह इतकी. स्पष्ट, न चुकता, प्रत्येकाचं नाव घेऊन. गिऱ्हाईक म्हणालं, "काहो मास्टर, आज तुमी नाई?" मास्टर म्हणाले, "मी हाय ना. बसेल हाय." मग ताई म्हणाली, झालं, बरोबर आलं गजूभाऊ. मी म्हणालो, बरं झालं.

ती फोन ठेवायला विसरली. मला आत दुकान ऐकू येत राहिलं. कात्रीचा आवाज आला, तो मास्टरचा, मी ओळखतो. आकड्यांची यादी कापायला त्यांच्याकडंच आली होती. मग त्यांनी विचारलं, हळूच, गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये असं, "सुनंदा, यातलं तीरा कोनतं?"

तिनं सांगितलं.

तू असतास तर तिला सांगावं लागलं नसतं. तू असतास तर त्यांना विचारावं लागलं नसतं. आणि मी तुझ्याशी भांडत राहिलो असतो की नावं टाक, आणि तू टाकली नसतीस, आणि मी चुकलो असतो तरी मला चाललं असतं.